महामार्गावर चालणाऱ्याची जागा कोणती?

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ सुमारे ३,७४५ किलोमीटर लांबीचा आहे. रोज २५ किलोमीटर चालणाऱ्याला तो संपवायला पाच महिने लागतील, आणि देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे असे पायी निघणारे लोक आजही आहेत. १९८३ मध्ये, पुढे पंतप्रधान झालेले चंद्रशेखर कन्याकुमारीहून दिल्लीच्या राजघाटापर्यंत चालत गेले होते.

गेल्या हिवाळ्यात मी याच रस्त्याचा, नागपूरच्या दक्षिणेकडचा, बुटीबोरी ते जाम एवढाच तुकडा दोन दिवसांत पायी केला. दुपारी टेकायला सावली मिळेना, कारण रुंदीकरणानंतर झाडे उरली ती दुभाजकात, आणि तीही कण्हेर नि बोगनवेल! पलीकडे चहाची टपरी दिसत होती, पण मधला कठडा जिथे तुटतो ती जागा बरीच पुढे होती. एका ट्रकचालकाने गाडी थांबवून विचारले, "काका, गाडी बंद पडली का?" मी हौसेने चालतो आहे, हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

याच महामार्गावर मनसर ते खवासा या टप्प्यात पेंचच्या वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत, आणि वाघ त्या वापरतात. वाघाच्या सोयीबद्दल माझी तक्रार नाही, उलट आनंदच आहे. परंतु जो आराखडा वाघाची ये-जा ओळखतो, त्याला माणसाची पावले दिसू नयेत, हे मला खटकते. २०२० च्या टाळेबंदीत तेलंगणातून निघालेले मजूर मुलांना खांद्यावर घेऊन याच डांबरावरून, विदर्भाच्या उन्हात, नागपूर ओलांडून उत्तरेकडे गेले. त्यांना पाणी, जेवण आणि चपला दिल्या त्या वाटेवरच्या लोकांनी. रस्त्याने काहीच दिले नाही.

चालणाऱ्यांसाठी महामार्गावर जागा काढताच येत नाही, असे कोणी म्हणू नये. आळंदी-पंढरपूर पालखी मार्गाच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ धरलेला आहे. वारीची संख्या मोठी, म्हणून तिचे ऐकले गेले असेल. पण शेजारच्या गावाला जाणारी शेतमजूर बाई रोज याच कडेने चालते, आणि तिची दिंडी एकटीचीच असते. तिच्यासाठी प्रत्येक टोलनाक्यावर पाण्याचा नळ व एक निवारा असावा, गावाजवळच्या कठड्यात ओलांडण्याजोगी फट असावी, आणि दुभाजकात कण्हेर लावणाऱ्या हातांनीच रस्त्याच्या कडेला कडुनिंबही लावावेत.