सोळा प्रश्न आणि साडेचार मीटर सुतळी

उन्हाळा ओसरून विदर्भातल्या शाळा उघडल्या की आम्हा गणितवाल्यांना एक कुरापत सुचते: पोरांच्या अध्ययन शैली शोधायच्या. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगची प्रश्नावली हाताशी असतेच. प्रश्न 16, प्रत्येकाला चार पर्याय. पाहून, ऐकून, वाचून-लिहून की हात लावून, कोण कसा शिकतो ते कळावं म्हणून. एकाहून जास्त खुणा चालतात, प्रश्न सोडलेलाही चालतो. हे दहावीच्या पोट्ट्यांना सांगून पाहा.

"सर, पण बरोबर उत्तर कोनतं?"

मग बाकावरच्या हुशाराचं पाहून सगळे त्यावरच खूण करतात, आणि शैली निघते ती पोरांची नाही, बाकाची.

त्यात एक प्रश्न: कुणाला स्टेशनवर जायचंय, नकाशा काढाल, तोंडी सांगाल, लिहून द्याल की सोबत जाल? आमच्याकडे पाहुण्याच्या हातात नकाशा देणं म्हणजे अपमान. अख्खा वर्ग सोबत निघतो. तास गणिताचा असेल तर चप्पल घालूनच.

खुणा मोजण्यात दोन तासिका जातात. त्यावरून पोरांचे गट मात्र पाडू नका. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली सगळं संशोधन चाळून सांगितलंय, की ज्याला त्याला त्याच्या शैलीने शिकवल्यास जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. त्यापेक्षा एकच धडा सगळ्यांना चारी वाटांनी फिरवावा.

दहावीच्या गणित भाग 2 मधला पायथागोरस घ्या. "कर्णाचा वर्ग बरोबर" चालीवर पाठ होतो. पावकी-दिडकी घोकणाऱ्यांच्या नातवंडांना त्याचं काय? पण काटकोन नसलेल्या त्रिकोणालाही पोरं तीच चाल लावतात. चौकटीच्या वहीत 3 आणि 4 चे चौरस सरळ बसतात, कर्णावरचा 5 चा तिरपा पडतो आणि त्याची घरं मोजता येत नाहीत. तो वेगळा कापून डकवायचा. मग 9 आणि 16 मिळून 25.

खरी मजा सुतळीत. 30 सेंटीमीटरचे 12 भाग, म्हणजे 3 मीटर 60; गाठींचं धरून साडेचार मीटर घ्या. आधी खुणा करून मग गाठी मारल्या की घात झाला. सगळ्या गाठी सारखीच सुतळी खात असत्या तर चाललं असतं, पण एक पोरगी गजऱ्याची गाठ मारते आणि शेजारचा पोरगा बैल बांधायची. म्हणून गाठ मारा, तिथून 30 मोजा, पुढची मारा. गाठी 13, पहिली आणि तेरावी एकाच मुठीत. तिघांनी कोपरे धरून 3, 4, 5 भाग ताणायचे, की 3 आणि 4 च्या कोपऱ्यात काटकोन तयार. सगळ्यात दांडग्याला कोपरा देऊ नका, सुतळी लांबते.

इथे मागच्या बाकावरचं गवंड्याचं पोरगं पहिल्यांदा तोंड उघडतं: "हे तं आमचा बाबा रोजच करते. तीन फूट, चार फूट, पाच फूट. नाही तं भिंत गुण्यात येत नाही." गुण्यात म्हणजे काटकोनात. पुढचा अर्धा तास त्याच्याच हाती द्या.

तास सुटल्यावर सुतळी मोजून परत घ्या. तान्हा पोळा जवळ आलेला असतो, आणि घरोघरच्या लाकडी बैलांना दोरी लागतेच.