‘ऑक्टोबरमध्ये देशातील कारखाने ठप्प झाले’ या दाव्याचा प्रतिवाद

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या औद्योगिक उत्पादनवाढीचा दर ०.४ टक्क्यांवर आला. हा चौदा महिन्यांतील नीचांक होता आणि त्या एका आकड्यावर रचलेला दावा समाजमाध्यमांवर पुढे पाठवला जातो. त्यात चार विधाने आहेत. उत्पादन एका महिन्यात ३.६ टक्क्यांनी घसरले, हे पहिले; कारखानदारीच्या २३ पैकी १४ उद्योगगटांत घट झाल्याने निम्म्याहून अधिक कारखानदारी बुडाली, हे दुसरे; वीजनिर्मिती ६.९ टक्क्यांनी घटली यावरून यंत्रे बंद असल्याचे सिद्ध होते, हे तिसरे. आणि सरकार आकडे मागाहून बदलत असल्याने खरी स्थिती याहूनही वाईट असणार, हे चौथे. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही. मात्र ज्या काळजीपोटी लोक असा मजकूर वाचतात आणि पाठवतात, ती काळजी खोटी नाही. चुकीचा पुरावा जोडल्यामुळे तीच काळजी हास्यास्पद ठरवणे ती नाकारणाऱ्यांना सोपे जाते, म्हणून हा खुलासा आवश्यक वाटतो.

सप्टेंबरचा दर पहिल्या अंदाजानुसार ४ टक्के होता आणि ऑक्टोबरचा ०.४, म्हणून उत्पादन ३.६ टक्क्यांनी घसरले, असा हिशेब दाव्यात केला आहे. हा हिशेब मुळातच चुकतो. औद्योगिक उत्पादन निर्देशांकाबरोबर (कारखाने, खाणी व वीज यांच्या उत्पादनाचे मासिक मोजमाप; २०११-१२ चे उत्पादन = १००) जो दर ठळकपणे जाहीर होतो, तो आधीच्या महिन्याशी केलेल्या तुलनेचा नसून मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेल्या तुलनेचा असतो. ऑक्टोबर २०२५ मधील उत्पादन ऑक्टोबर २०२४ पेक्षा ०.४ टक्के जास्त होते, एवढाच त्याचा अर्थ. वाढ मंदावली हे खरे, पण उत्पादन घटले असे त्यातून निघत नाही. तुलनेचा महिना कसा होता यावर हा दर किती अवलंबून असतो, हे एप्रिल २०२१ च्या आकड्यांत स्पष्ट दिसते. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये वस्तुनिर्माण क्षेत्राचा, म्हणजे कारखानदारीचा, निर्देशांक ४२.१ पर्यंत खाली आला होता. वर्षभराने तो १२५.१ झाला आणि वाढीचा दर १९७ टक्के निघाला. त्याच वेळी खाणी व वीज धरून एकूण निर्देशांक १२६.६ होता, म्हणजे एप्रिल २०१९ च्या १२६.५ एवढाच. दोन वर्षांत जवळजवळ काहीच वाढ नव्हती, पण दर विक्रमी होता.

ऑक्टोबर २०२५ च्या बाबतीत तुलनेचा प्रश्न पंचांगाशी जोडलेला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पाडवा २ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, तर छठपूजा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवाळीनंतर लगेच आली होती. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि छठ २७-२८ ऑक्टोबरला आली. म्हणजे २०२४ मध्ये ज्या सुट्यांचा मोठा भाग नोव्हेंबरच्या खात्यात पडला होता, त्या सगळ्या २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या खात्यात आल्या.

भोसरीतील एखाद्या यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यात हे दिवस कसे जातात, ते तिथे काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. वसुबारसेच्या आधी शक्य तेवढा माल रवाना केला जातो, मग सुट्यांत उत्पादन थांबवून क्रेनची तपासणी, तेलबदली, रंगरंगोटी अशी वर्षभर लांबवलेली कामे उरकली जातात. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले वेल्डर व हेल्पर छठ आटोपल्याशिवाय परतत नाहीत, त्यामुळे सुटी संपली तरी पहिले काही दिवस पाळ्या अर्ध्या मनुष्यबळावर चालतात. समजा, या कारखान्यातून रोज १०० नग बाहेर पडतात. आदल्या वर्षी ऑक्टोबरात २४ दिवस काम झाले आणि यंदा २१ दिवस, तर रोजचा वेग तसाच असूनही उत्पादन २,४०० वरून २,१०० वर येते. ही साडेबारा टक्क्यांची ‘घट’ आहे, पण ना मागणी कमी झाली, ना एखाद्या कामगाराला घरी बसवले गेले. नोव्हेंबरात याच्या उलट घडते.

प्रत्यक्षात तसेच घडले. नोव्हेंबर २०२५ चा पहिला अंदाज ६.७ टक्क्यांचा आला, २३ पैकी २० उद्योगगट वाढले आणि ‘पंचवीस महिन्यांतील उच्चांक’ म्हणून दुसऱ्या बाजूने जल्लोष सुरू झाला. तोही तितकाच निराधार होता. वस्तुनिर्माण क्षेत्राचा दर ऑक्टोबरमध्ये १.८ आणि नोव्हेंबरमध्ये ८ टक्के होता. दोहोंची सरासरी ४.९ येते आणि सप्टेंबरचा पहिला अंदाज ४.८ होता. दिवाळीचा हा परिणाम नवा नाही. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते आणि त्या महिन्यात उत्पादन ४ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये ते १२ नोव्हेंबरला आले, तेव्हा ऑक्टोबरचा दर ११.७ आणि नोव्हेंबरचा २.४ टक्के निघाला. अमेरिका, जर्मनी यांसारख्या देशांत सणांचा व कामाच्या दिवसांचा परिणाम वजा करूनच मासिक आकडे दिले जातात. आपल्याकडे ठळक मथळ्याचा आकडा तसा नसतो, म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दोन महिने एकत्रच वाचावे लागतात.

चौदा उद्योगगटांत घट झाली, हे विधान आकडा म्हणून बरोबर आहे; त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तेवीस गट सारख्या आकाराचे नाहीत. २०११-१२ आधार वर्षाच्या मालिकेत वस्तुनिर्माण क्षेत्राचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, १०० पैकी ७७.६ आहे, त्यात मूलभूत धातूंचा १२.८, कोक (प्रक्रिया केलेला कोळसा) व शुद्ध पेट्रोलियम पदार्थांचा ११.८ आणि मोटार वाहनांचा ४.९. फर्निचरचा भार ०.१३ आणि लाकडी वस्तूंचा ०.१९ आहे. ऑक्टोबरमध्ये पहिले तिन्ही मोठे गट प्रत्येकी सुमारे सहा टक्क्यांनी वाढले, आणि वस्तुनिर्माणाच्या भारात या तिघांचाच वाटा ३८ टक्क्यांच्या जवळ जातो. कोणते गट वाढले, हेही बोलके आहे. लोखंड वितळवणारी झोतभट्टी आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प दिवाळीसाठी थंड करता येत नाहीत, ते बारा महिने चालतात. मोटारींना २२ सप्टेंबरपासून कमी झालेल्या जीएसटीचा आणि सणाच्या खरेदीचा आधार मिळाला. सुट्यांची झळ न लागणारे गट वाढले आणि लागणारे बरेचसे घटले, यावरून सुट्यांचे कारण अधिकच पक्के होते.

विजेचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. निर्देशांकात वीज हे स्वतंत्र क्षेत्र आहे आणि त्यात घरे, शेतपंप, दुकाने, कार्यालये अशा सर्वांसाठी झालेली निर्मिती मोजली जाते. त्या ऑक्टोबरात अनेक राज्यांत पाऊस लांबला आणि हवा थंड राहिली, त्यामुळे वातानुकूलन यंत्रे व शेतपंप कमी चालले. नोव्हेंबरमध्ये वीजनिर्मिती १.५ टक्क्यांनी घटली असतानाच कारखान्यांचे उत्पादन ८ टक्क्यांनी वाढले. वीज घटली म्हणजे यंत्रे बंद, हे समीकरण तिथेच मोडते.

आकडे मागाहून बदलतात, हे लपवलेले गुपित नाही. पहिला आकडा शीघ्र अंदाज म्हणूनच जाहीर होतो, कारण महिना संपल्यावर चार आठवड्यांत सर्व कारखान्यांची माहिती येत नाही. ती येत जाते तसा आकडा सुधारला जातो. ही सुधारणा नेहमी सरकारच्या सोयीची असते, असेही नाही. एप्रिल २०२० चा निर्देशांक आधी ५६.३ सांगितला गेला आणि अखेरीस ५४.० झाला, म्हणजे घट ५५.५ वरून ५७.३ टक्क्यांवर गेली.

चिंता करायचीच असेल, तर तिचा आधार वेगळ्या आकड्यात आहे. एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ या सात महिन्यांत औद्योगिक उत्पादन २.७ टक्क्यांनी वाढले; आदल्या वर्षी याच काळात ही वाढ ४ टक्के होती. सात महिन्यांच्या बेरजेत एका सणाच्या तारखेने एवढा फरक पडत नाही, त्यामुळे ही मंदगती खरी मानली पाहिजे आणि तिच्याबद्दल सरकारला प्रश्न विचारलेच पाहिजेत.

शिवाय निर्देशांकातले भार मूल्यवर्धनावरून (उद्योगाने कच्च्या मालाच्या किमतीत घातलेल्या भरीवरून) ठरतात, रोजगारावरून नाही. २०११-१२ च्या मालिकेत तयार कपड्यांचा भार १.३ आणि चामड्याच्या वस्तूंचा ०.५ आहे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावले, त्याचा थेट मारा या दोन उद्योगांवरही होता. तिरुप्पूरच्या शिवणयंत्रांवर किंवा आग्र्याच्या जोडे बनवणाऱ्या कारागिरांवर अशा वेळी जे ओढवते, ते १०० पैकी १.८ भाराच्या कोपऱ्यात दडून जाते आणि एकूण दर ठणठणीत दिसू शकतो. त्यांची स्थिती जाणून घेण्यासाठी निर्यातीचे वस्तुनिहाय आकडे, श्रमबल सर्वेक्षण आणि असंघटित उपक्रमांची वार्षिक पाहणी वाचावी लागते, ऑक्टोबरच्या ०.४ मध्ये ते सापडणार नाही आणि नोव्हेंबरच्या ६.७ मध्येही नाही.