टाकीत नाही, पोत्यात

परवा अलिबागहून दादाचा तीन-साडेतीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. दादा म्हणजे चुलतभाऊ, पण आमच्याकडे सख्खं-चुलत कोणी करत नाही. त्याचे दोन ट्रक आहेत, थळच्या आरसीएफ खत कारखान्यातून युरियाची पोती उचलायची आणि घाटावर नेऊन टाकायची हा त्याचा पंधरा वर्षांचा धंदा. मेसेजमध्ये आधी पाऊस, मग काकूचा गुडघा, आणि शेवटी मुद्दा: "अगं तू तिकडे जर्मनीत आहेस म्हणून विचारतो, जुनी गाडी काढायची आहे, नवीन डिझेल घेऊ का थांबू? सगळे म्हणतायत हायड्रोजन येतोय, डिझेलला कुत्रं विचारणार नाही."

हे 'सगळे म्हणतायत' मला पाठ आहे, कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर हायड्रोजनचे फॉरवर्ड चार वर्षं येतायत. मार्च २०२२ मध्ये गडकरी हायड्रोजनच्या मिराई गाडीत बसून संसदेत गेले तेव्हा तर दिवसभर तेच चाललं होतं. त्यात तीन पार्ट्या आहेत. एक म्हणते जर्मनीत ट्रेनसुद्धा हायड्रोजनवर धावते आणि आपण अजून खड्डे बुजवतोय. दुसरीला वाटतं गाडी पाण्यावर चालते, नळाखाली लावली की झालं. तिसरी, बहुतेक माझा औरंगाबादचा मावसभाऊ एकटाच, विचारते की मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही त्याचं इंधन करणार?

तर ती ट्रेन. मी ब्रेमेनला राहते, आणि ती प्रसिद्ध निळी ट्रेन आमच्या बाजूलाच धावायला लागली, कुक्सहाफेन-ब्रेमरहाफेन-ब्रेमरफोर्डं-बुक्स्टेहुडं ह्या लाईनवर. २०१८ मध्ये पहिल्या दोन गाड्या आल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये १४ गाड्यांचा ताफा, जगातला असा पहिला. आईबाबा इकडे आले तेव्हा बाबांनी चर्च नको, म्युझियम नको, ती ट्रेन दाखव म्हणून हट्टच धरला. ब्रेमरहाफेनला जाऊन बसलो. आत काही वेगळं नाही, साधी दोन डब्यांची गाडी, पण सुटली तेव्हा डिझेलची ती घरघर आणि सीटखालची थरथर नव्हती, फक्त चाकांचा आवाज, आणि छपरावरून थोडी वाफ. बाबा अर्धा तास खिडकीला नाक लावून बसले, मग म्हणाले, "आपल्या नेरळ-माथेरानला हे चालेल." गंमत म्हणजे जुन्या वारसा मार्गांवर हायड्रोजन गाड्या चालवायच्या रेल्वेच्या 'हायड्रोजन फॉर हेरिटेज' योजनेच्या यादीत माथेरान खरंच आहे, गाडीमागे ८० कोटी आणि मार्गामागे ७० कोटींचा अंदाज सरकारने २०२३ मध्ये सांगितला होता.

पण फॉरवर्डमध्ये जे येत नाही ते असं, की ज्या राज्याने ह्या गाड्या आणल्या त्याच लोअर सॅक्सनीने २०२३ मध्ये हिशोब करून ठरवलं की उरलेल्या डिझेल गाड्या जातील तेव्हा त्यांच्या जागी बॅटरीच्या घ्यायच्या, कारण चालवायला त्या स्वस्त पडतात. कोणी राजीनामा दिला नाही, कोणी मोर्चा काढला नाही, करून बघितलं, परवडलं नाही, दुसरं करू. मला इथल्या लोकांचं हे आवडतं (फॉर्म भरायला लावतात तेव्हा नाही आवडत). आणि मुळात ट्रेन हायड्रोजनवर का? तर इथे रेल्वेचं जाळं साठ-बासष्ट टक्केच विजेवर आहे, लहान लाईनींवर वायरच नाही. आपल्याकडे ब्रॉडगेज जवळपास ९९ टक्के विजेवर झालंय, कोकण रेल्वे २०२२ मध्येच पूर्ण झाली. म्हणजे ज्या बाबतीत आपण 'मागे' म्हणून रडतो त्यात आपण जर्मनीच्या बरेच पुढे आहोत, फक्त ओव्हरहेड वायरचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता परवडत का नाही, ते दादाला मी युनिटमध्ये सांगितलं, कारण वीजबिल सगळ्यांना कळतं. पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो हलका, म्हणून कारमध्ये ७०० बारला (हवेच्या दाबाच्या साधारण सातशेपट) दाबून भरायचा, बस-ट्रकमध्ये ३५० ला, त्या दाबायलाही वीज. मग फ्युएल सेलमध्ये परत त्याची वीज करायची आणि मोटर फिरवायची. मिराईच्या टाकीत ५.६ किलो बसतो, म्हणजे टाकी फुल करायला तीनशे युनिट, आणि गाडी जाते सहाशे-साडेसहाशे किलोमीटर. तेच तीनशे युनिट साध्या इलेक्ट्रिक कारमध्ये घातले तर ती आरामात अठराशे जाईल. विजेचं पाणी, सॉरी, पाण्याचा हायड्रोजन, हायड्रोजनची परत वीज, प्रत्येक वळणावर कमिशन कापलं जातं, एजंट लावून घर घेतल्यासारखं. इथे पंपावर किलोला ९.५० युरो भाव होता तो नंतर १३ च्या वर गेला आणि कारचे पंप आता एकेक करून बंद होतायत. म्हणजे पाण्यावर गाडी चालत नाही, विजेवर चालते, पाणी नुसतं मधला माणूस.

आणि वीज कुठली हे विचारायलाच हवं. आपल्या ग्रिडवर अजून कोळशाचं राज्य, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, गुणिले ५५, म्हणजे एक किलो 'स्वच्छ' हायड्रोजनमागे ३८ किलो धूर. नैसर्गिक वायूपासून जुन्या पद्धतीने काढला तर नऊ-दहा किलो. म्हणून तर २०२३ मध्ये केंद्राने हायड्रोजनला 'ग्रीन' म्हणायची मर्यादा किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइडवर ठेवली, आणि ती मर्यादा चांगली आहे, फक्त सोलर-वाऱ्याची नवी वीज उभी न करता कोणी ग्रीनचा बोर्ड लावला तर त्याला हटकायला हवं.

मावसभावाच्या पाण्याचाही हिशोब केला. सरकारचं २०३० चं टार्गेट वर्षाला ५० लाख टन, त्यासाठी १९,७४४ कोटींचं मिशन. किलोला शुद्ध पाणी नऊ-दहा लिटर, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून पंचवीस म्हणू. तर सगळ्या देशाचं मिळून वर्षाला साडेचार टीएमसीच्या आत येतं. एकट्या उजनीचा उपयुक्त साठा त्रेपन्न टीएमसी आहे. म्हणजे पाणी हा देशाचा प्रश्न नाही पण तालुक्याचा नक्की असू शकतो. प्लांट समुद्रावर लावला तर ठीक, जालन्यात लावला तर भांडणं होणार, आणि व्हायलाच पाहिजेत. मावसभाऊ ह्यावर फक्त अंगठा दाखवून गप्प बसला.

वीजनिर्मितीचं वेगळं आहे, तिथे मी जर्मनांना हसत नाही. इथे हिवाळ्यात आठवडाभर ऊन नाही आणि वाराही नाही अशी स्थिती येते, त्याला ह्यांच्याकडे खास शब्द आहे, डुंकेलफ्लाउटं. १२ डिसेंबर २०२४ ला संध्याकाळी बाजारात विजेचा भाव मेगावॉट-तासाला ९३६ युरोवर गेला, आपल्या पैशात युनिटला ऐंशी रुपयांच्या वर. त्याच वर्षात ४५७ तास असे होते की भाव शून्याखाली, घ्या हो कोणीतरी म्हणून. अशा देशाला उन्हाळ्याची वीज हिवाळ्यापर्यंत ठेवायची तर हायड्रोजन करून जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांत भरणं हा एक खरा उपाय आहे, शंभर युनिटचे तीस-चाळीसच परत मिळाले तरी. उत्तर जर्मनीत खाली मीठच मीठ. पण आपल्याला सहा महिने साठवायची गरजच काय? पावसाळ्यात सोलर पडतं तेव्हाच साताऱ्याकडच्या पवनचक्क्या जोरात असतात. आपल्याला दुपारची वीज रात्री हवी आहे, आणि त्यासाठी सह्याद्री उभा आहे. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र कधीचं आहे, वरच्या धरणातून साधारण चारशे मीटर खाली पाणी सोडायचं, वीज स्वस्त असली की परत वर चढवायचं, शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी युनिट हातात. घाट हीच आपली मिठाची खाण.

मग हायड्रोजन कशाला? इथेच मला दादाला सांगायचं होतं ते आलं. दादा, तू ज्या हायड्रोजनची वाट बघतोयस तो तू पंधरा वर्षं वाहतोयस! युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन, तो थळला नैसर्गिक वायू फोडून काढतात. हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घालायची युक्ती जर्मनांचीच, ओपाऊला १९१३ मध्ये पहिला कारखाना. पंचेचाळीस किलोच्या एका पोत्यामागे साडेचार किलो हायड्रोजन खर्च होतो, म्हणजे मिराईची टाकी जवळजवळ भरते. दहा टनांच्या एका खेपेत एक टन. जगात वर्षाला नऊ-दहा कोटी टन हायड्रोजन बनतो तो मुख्यतः रिफायनरी आणि खतांतच जातो, आणि त्यातला एक टक्काही स्वच्छ नाही. घरात ही एवढी घाण पडलेली असताना गाड्यांना नवीन हायड्रोजन पाजायचा म्हणजे मोरी तुंबलेली आणि आपण अंगणात रांगोळी काढतोय.

हे सोपं नाही हेही खरं. रिफायनऱ्यांच्या २०२५ च्या टेंडरांत ग्रीन हायड्रोजनचे भाव सव्वातीनशे ते चारशे रुपये किलोच्या घरात निघाले. एका पोत्याचा नुसता हायड्रोजन साधारण दीड ते पावणेदोन हजारांचा, आणि शेतकऱ्याला पोतं मिळतं २६६ रुपये ५० पैशांना. मधला फरक सबसिडी, म्हणजे तुम्ही (मी आता तिथे टॅक्स भरत नाही, त्यामुळे 'आपण' म्हणायला जीभ अडखळते). त्यात युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, तो आज त्याच वायूतून फुकट मिळतो, वायू काढला की तो कुठून आणायचा हा नवा प्रश्न. म्हणून आधी डीएपी आणि मिश्र खतांच्या अमोनियाला हात घातलाय, २०२५ च्या लिलावांत ग्रीन अमोनिया किलोला पन्नास-पंचावन्न रुपयांपर्यंत उतरला, आणि ही बातमी आमच्या ग्रुपवर एकाही माणसाने टाकली नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही.

स्टीलचं पण तसंच. आमच्या ब्रेमेनच्या स्टील कारखान्याला कोळसा सोडून हायड्रोजनकडे जाण्यासाठी मदत मंजूर होती, दोन शहरांतल्या कारखान्यांना मिळून १.३ अब्ज युरो, आणि जून २०२५ मध्ये त्यांच्या मालकाने, आर्सेलरमित्तलने, ती नको म्हणून सांगितलं, इथल्या वीजभावात गणित बसत नाही म्हणे. वेझर नदीकडेने सायकलवर गेलं की त्याची धुराडी दिसतात, धूर आहे तसाच. दुसरीकडे ९,०४० किलोमीटरच्या हायड्रोजन पाइपलाइनला मंजुरी मिळालीय, बऱ्याचशा जुन्याच गॅसच्या लाईनी. पाइप आधी, गिऱ्हाईक नंतर. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचं हायड्रोजन धोरण काढलं तेव्हा मला हीच भीती वाटली होती, पण आपल्याकडे निदान गिऱ्हाईक आधीपासून बसलंय, थळला, ट्रॉम्बेला, रिफायनऱ्यांत.

एवढं सगळं मी दादाला अकरा मिनिटांच्या मेसेजमध्ये सांगितलं, त्याने ते दीडपट स्पीडवर ऐकलं असणार. टाटांचे हायड्रोजन ट्रक मार्च २०२५ पासून ट्रायलवर आहेत, मुंबई-पुण्याकडेही, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. लांबच्या, जड खेपांना पुढे कदाचित चालतील, मी पैज लावणार नाही. पण थळ ते घाट आणि संध्याकाळी परत, रोज ठरलेला रस्ता, रोज ठरलेली जागा, ह्याला बॅटरीच बरी दिसते. केंद्राने जुलै २०२५ मध्ये ई-ट्रकला ९.६ लाखांपर्यंत मदत जाहीर केलीय, फक्त जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं.

त्यावर दहा मिनिटांत उत्तर आलं. "सर्टिफिकेट मिळेल गं. पण बोरघाट चढताना चाळीस टक्के बॅटरी संपली तर खोपोलीला चार्जिंग आहे का ते बघून सांग. आणि पोत्याचं ते साडेचार किलोचं लिहून पाठव, गेटवर सगळ्यांना सांगतो."