कमिटात 'फिक्स' लिहा अन् मोकळे व्हा

राजेहो, कोड लिहून झाला, लाइनही अजून गेली नाही, मग कमिट मेसेज, म्हणजे केलेल्या बदलाच्या नोंदीसोबतची टीप, काय लिहू म्हणून डोकं कायले खाजवता? लिहा 'फिक्स'. कशाचा, काहून, हे विचारणारा माईचा लाल येईल, नाही असं नाही. पण तोवर तुम्ही पुण्याच्या नोकरीवर रुजू झालेले असाल.

शहाणे सांगतील, पहिली ओळ 50 अक्षरांत बसवा, मग एक ओळ कोरी सोडा, खाली कारण लिहा, 72 अक्षरांवर ओळ तोडा. असू द्या. लिनस टोर्वाल्ड्सनं 2005 मध्ये गिट, म्हणजे कोडातल्या बदलांची ही नोंदवही, लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी; तिथं जगभरची माणसं कामाला. तुम्ही तिघं. एक दारव्ह्याला, एक आर्णीला, एक नेटवर्क शोधत टाकीवर चढलेला. विचारायचं असलं तर फोन आहेच. नाही लागला तर पोळ्याला भेट होतेच.

आता समजा, जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात आहे. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसाचा ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो. तुमच्या कोडात '12 पेक्षा जास्त' ऐवजी '12 किंवा जास्त' पडलं होतं, म्हणून ओलावा बरोबर 12 भरलेली गाडी परत जात होती. तुम्ही एक चिन्ह खोडलं. हौशी माणूस इथं लिहील, 'बरोबर 12 टक्के ओलाव्याची गाडी नाकारू नका', अन् खाली चिन्ह कसं चुकलं होतं तेही. म्हणजे पुढच्या हंगामात कोणतंही पोरगं वाचून समजून घेणार. मग तुम्हाले कोण विचारते? तलाठ्याच्या फेरफारात जमीन वारसानं आली की खरेदीखतानं, हे लिहून ठेवतात, म्हणून तर तिथं भावाभावांची फसवाफसवी अवघड होऊन बसली. तुम्ही 'अपडेट' लिहा.

याचा खरा बहर डिसेंबरात. रात्रीचे अकरा, गेटवर ट्रॅक्टरांची रांग, पावतीवर निव्वळ वजन शून्य. नवीन पोरगा लॉग, म्हणजे कमिटांची यादी, उघडतो: 'फिक्स', 'फिक्स 2', 'आता चालते', 'नाही चाललं', 'फायनल', 'फायनल खरंच'. बाहेर शेतकरी काटेवाल्याच्या सात पिढ्या काढतो आहे. काटेवाल्याचा दोष एवढाच की तो खिडकीशी बसला.

पोरगा हुशार निघाला तर गिट बायसेक्ट लावेल. अर्धे-अर्धे करत हजार कमिटांतला बिघडवणारा दहाएक तपासण्यांत हाती लागतो. त्याचीही तोड आहे. ओलाव्याची दुरुस्ती, पावतीचा फॉन्ट, शेठचा नवा लोगो अन् सगळ्या फायलींत टॅब काढून त्यांच्या जागी घातलेल्या स्पेस, हे सारं एकाच कमिटात कोंबा. नाव द्या 'किरकोळ बदल'. आता त्यानं रिव्हर्ट मारला, म्हणजे तो कमिट उलटवला, की शेठचा लोगोही जातो. लोगो गेला की शेठ स्वतः गेटवर येतात.

राहिलं गिट ब्लेम. प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला, ते नाव घेऊन सांगतं. चहाडखोर आहे. पण कॉम्प्युटरवर गिटमध्ये नाव कोणाचं भरलंय ते आधी बघा. पहिल्या दिवशी शेठच्या पोरानं हौसेनं सेटअप केलं असेल तर त्याचंच असणार. बदलू नका बाप्पा! शेठनं विचारलं की स्क्रीन त्यांच्याकडे फिरवा अन् चहा सांगायला बाहेर पडा.