अर्थिंगची पिन कापायला सांगणाऱ्या ‘साउंड एक्सपर्ट’ला उत्तर

‘घरासाठी स्पीकर घेताय? आधी हे वाचा!!’ असा मथळा, ओळीओळीला इमोजी आणि खाली ‘एका साउंड इंजिनीअरकडून’ अशी बिननावाची सही. हा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. मी तो न वाचताच उडवत होतो. पण तो अमळनेरच्या आमच्या मामांकडे पोचला, आणि मामांनी तो नुसता पुढे ढकलला नाही, तर पक्कड घेऊन अमलात आणला. म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेज ज्यांच्यापर्यंत आला नाही त्या नशीबवानांसाठी थोडक्यात. वॅट जितके जास्त तितका आवाज भारी, घरात किमान दहा हजार वॅट पीएमपीओ (डब्यावर छापलेली ‘कमाल ताकद’) पाहिजेच. ब्रँडचा क्रम ठरलेला: बोस, मग जेबीएल, मग हरमन कार्डन, मग इन्फिनिटी, बाकी सगळा कचरा. त्यात बोस तर भारतीय कंपनी. पाच स्पीकर नसतील तर घरी सिनेमा बघू नका. स्पीकरमधून घुंऽऽ येत असेल तर थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन काढून टाका. वायर सोन्याच्या पिनांची, महागातलीच घ्या. आणि नवा स्पीकर शंभर तास फुल व्हॉल्यूमला वाजवून ‘मोकळा’ करा.

आधी पिनेचं बोलू. बाकीचे मुद्दे पाळले तर पैसे जातील, हा पाळला तर माणूस जाईल.

मामांकडे पत्र्याच्या बॉडीचा जुना अँप्लिफायर आहे. त्याला सेट टॉप बॉक्स जोडला की घुंऽऽ सुरू व्हायची. मेसेजबरहुकूम पिन कापली, घुंऽऽ गेली, मेसेज खरा ठरला! पुढे मामी फडकं मारायला गेल्या तर बोटांना झिणझिण्या. त्यावर मामांचं म्हणणं, “जुनं मशीन से, थोडं मारस.” मी टेस्टर लावला तर स्क्रूवर टेकवताच दिवा लागला. टॉप हातात घेऊन पाहिला: खालच्या दोन पिना चकचकीत, आणि वर जिथे पितळी पिन असते तिथे पकडीने कुरतडलेलं खुंट.

अशा मशीनमध्ये मेनची लाइन आणि बॉडी यांच्यामधल्या भागांतून थोडीशी गळती होतच असते. अर्थिंग असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते. पिन कापली की बॉडी अधांतरी, म्हणून टेस्टर लागतो आणि झिणझिण्या येतात. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर पूर्ण 230 व्होल्ट त्या बॉडीवर बसतात. अर्थिंग शाबूत असेल तर मोठा करंट जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. अर्थिंग नसेल तर काहीच पडत नाही, मशीन मजेत वाजत राहतं, आणि हात लावणारा माणूसच जमिनीकडे जायची वाट होतो. ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब का असते, हे एक्सपर्टने कधी बघितलंय का? टॉप लावताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून.

त्यातून आपला खान्देश. मार्चपासून त्याच हॉलमध्ये कूलर, कूलरखाली ओली फरशी, आणि कित्येक घरांत कूलर, टीव्ही, अँप्लिफायर सगळं एकाच बोर्डावर. कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आपण उन्हाळ्याउन्हाळ्याला वाचतो, आणि हा भाऊ पिना कापायला सांगतोय.

आता घुंऽऽ गेली कशी? गेली, हे मान्य करावं लागेल. केबलच्या वायरीची जाळी दुसरीकडे कुठेतरी अर्थ झालेली असते, अँप्लिफायर घरच्या बोर्डातून अर्थ होतो. दोन अर्थिंगमध्ये किंचित फरक असला की तो करंट ऑडिओच्या वायरीतून फिरतो आणि आपल्याला घुंऽऽ ऐकू येते. पिन कापली की फेरा तुटतो. पण तो तोडायच्या बिनधोक वाटा आहेत. टीव्ही, बॉक्स, अँप्लिफायर सगळे एकाच बोर्डावर घ्या, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर केबलच्या वायरीला किंवा ऑडिओच्या वायरीला आयसोलेटर लावा, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन हा फेरा तोडणारी छोटी डबी. अँप्लिफायरला ऑप्टिकलची सोय असेल तर प्रश्नच मिटला. त्या वायरीतून प्रकाश जातो, वीज नाही. आणि हो, काही स्पीकरना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ते तसेच बनवलेले असतात. पण कंपनीने दिलेली तिसरी पिन कापायचा अधिकार कुणाला नाही.

वॅटचं. या माणसाने वीजबिल भरलंय का कधी? दहा हजार वॅट म्हणजे तासाला 10 युनिट. रोज तीन तास गाणी ऐकली तर महिन्याला 900 युनिट! घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर 1,380 वॅट निघतात, मग उरलेले साडेआठ हजारांहून जास्त येतात कुठून? असला डबा उलटा करा. मागे किंवा अडॅप्टरवर बारीक अक्षरात ‘12 व्होल्ट, 3 अँपिअर’ असं काहीतरी सापडेल. गुणाकार केला की 36 वॅट, बात खतम. पीएमपीओला कोणतंही मानक नाही, वाटेल तो आकडा छापता येतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद. त्यातही वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून 50 आणि 100 वॅटच्या भांडणात पडू नका. गाण्यातल्या अचानक उसळीसाठी, ढोलकीच्या थापेसाठी, हाताशी थोडी जास्त ताकद असावी हे खरं. पण आपल्या हॉलमध्ये बसून ऐकताना बहुतेक वेळ स्पीकर मोजके दोन-चार वॅटच खात असतो.

ब्रँडची उतरंड वाचून मात्र मला हसू आलं. जेबीएल, हरमन कार्डन, इन्फिनिटी ही तिन्ही नावं एकाच हरमन कंपनीची, आणि हरमन 2017 पासून सॅमसंगची. म्हणजे याने एकाच घरातल्या तीन भावांना दोन, तीन, चार नंबर वाटलेत. उलट ज्या फिलिप्सवर आपल्या आईबापांचा जीव होता, ते नाव आता स्पीकरवर परवान्याने लागतं, बनवणारे दुसरे असतात. नावावरून आवाज ओळखायचे दिवस गेले.

आणि मुळात आपण कानाने निवडतो की डोळ्याने? याच हरमनमधल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी 1994 मध्ये एक प्रयोग मांडला. चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा समोर दिसत असताना, एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा थोराड, महागड्या स्पीकरना भरभरून मार्क पडले आणि स्वस्तातला छोटा सेट मागे राहिला. पडद्याआड ते अंतर बरंचसं विरलं. आणखी एक गोष्ट निघाली: स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज बदलतो, पण स्पीकर समोर दिसत असेल तर लोकांना तो फरक फारसा जाणवेना. ऐकणारे खुद्द कंपनीतले लोक होते, तरी ही तऱ्हा. मग जळगावच्या फुले मार्केटात निळ्या लाइटच्या डब्यासमोर उभं राहिल्यावर आपलं काय होत असेल! दुकानात जाताना रोजच्या ऐकण्यातलं गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा, दोन्ही स्पीकर एकाच आवाजाच्या पातळीवर लावायला सांगा, आणि पाठ करून ऐका. जो थोडा मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतोच, दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं.

जागेचं म्हणाल तर 10 बाय 12 च्या हॉलमध्ये 12 फूट अंतरावरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींदरम्यान साधारण 47 हर्ट्झचा खर्जातला सूर घुमतो. सबवूफर (बासचा डबा) कोपऱ्यात कोंबला की तो आणखी माजतो, मग प्रत्येक गाण्यात एकच धूम् धूम्. डबा भिंतीपासून हातभर पुढे ओढून बघा, फुकट आहे.

बोस भारतीय? अर्धं खरं. संस्थापक अमर बोस यांचे वडील बंगालचे. पण अमर बोस जन्मले अमेरिकेत, तिथल्याच एमआयटी या विद्यापीठात शिकले, तिथेच शिकवलं आणि 1964 मध्ये कंपनी काढली तीही अमेरिकेतच. अभिमान वाटायचा तर जरूर वाटू द्या, खरेदीचं कारण म्हणून नको.

पाच स्पीकरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, नाइलाजाने कबूल करतो. सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. घरचे सगळे दिवाणावर, फरशीवर, दारात असे पसरून बसले की मधल्या स्पीकरचा फायदा होतो, वरून कूलरची घरघर असेल तर जास्तच. पण मी पाहिलेल्या घरांत हे पाचही स्पीकर शोकेसवर टीव्हीच्या भोवती ओळीने मांडलेले असतात! मागचे स्पीकर मागे नसतील तर त्यांचे पैसे कशाला भरले? मागे लावायला जागा नसेल तर त्याच बजेटात दोन चांगले स्पीकर घ्या. गाण्यालाही तेच बरे.

वायर: पाच मीटरपर्यंत इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली. फक्त दोन्ही स्पीकरना प्लस-मायनस सारखं लावा, एकाचं उलटं झालं की बास गायब होतो आणि दोष ब्रँडला जातो.

शंभर तास फुल व्हॉल्यूम: मोकळा होईल तो कॉइल जळून. आणि रात्री दहानंतर वाजवलात तर शेजारी येतील, तेव्हा त्यांना मेसेज दाखवा.