‘रडले तरी लिहून घ्या’ हा सल्ला कोणीही मानू नये

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक लांबलचक संदेश ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाचीने मला पाठवला आणि त्याखाली विचारले, ‘मावशी, जूनपासून याला तिथून काढू का?’ तिचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवर्गात दुसऱ्या वर्षाला आहे. संदेशाचे म्हणणे असे की या वर्गांत मुले दिवसभर पाणी ओततात, डाळ वेचतात आणि ठोकळे रचतात. त्यांना शिस्त लागत नाही. हे परदेशी श्रीमंतांचे खूळ आहे. ही मुले पहिलीच्या प्रवेश परीक्षेत मागे पडतात. म्हणून पालकांनी तीन वर्षांच्या मुलाकडून घरी रोज दोन पाने लिहून घ्यावीत आणि ते रडले तरी थांबू नये. हा मजकूर ‘तज्ज्ञांचे मत’ म्हणून सोसायट्यांच्या ग्रुपवर पुढे पाठवला जात आहे, पण तज्ज्ञाचे नाव त्यात कुठेही नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेली शिक्षिका म्हणून मला हे वाचून संताप आला.

सुरुवात त्या दोन पानांपासूनच केली पाहिजे, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा मात्र मुलाला प्रत्यक्ष त्रास देणारा आहे. तीन वर्षांच्या मुलाचा मनगटावर आणि बोटांवर पुरता ताबा आलेला नसतो. ते पेन्सिल मुठीत धरते, सगळा जोर खांद्यातून लावते, आणि दुरेघी वहीच्या ओळींत अक्षर बसवण्याची सक्ती झाली की त्याचा हात दुखू लागतो. हात दुखतो म्हणून ते रडते. त्या रडण्याला आळस समजून आणखी एक पान पुढे ठेवले, तर अक्षर सुधारत नाही. चुकीची पकड तेवढी पक्की होते आणि लिहिणे म्हणजे शिक्षा अशी खूणगाठ त्या कोवळ्या मनाशी बसते. वही पुढे केली की तोंड फिरवणारी पहिली-दुसरीतील मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या घरी असे लिखाण अगदी नेमाने करून घेतलेले होते.

ज्या डाळ वेचण्याला संदेशात वेळेचा अपव्यय म्हटले आहे, ती लेखनाचीच पूर्वतयारी आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट या तीन बोटांनी मूल राजम्याचा दाणा उचलते; लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणाऱ्या दट्ट्यांच्या लहानशा गुंड्याही त्याच तीन बोटांनी धराव्या लागतात, आणि पुढे पेन्सिलही त्यांनीच धरायची असते. एका सुरईतून दुसऱ्या सुरईत पाणी ओतताना मनगट हळूहळू वळवावे लागते, आणि पाणी सांडले की आपले कुठे चुकले हे बाईंनी न सांगता मुलाला दिसते. पुसायचे फडके शेजारीच ठेवलेले असते. मग सॅण्डपेपरच्या, म्हणजे खरखरीत कागदाच्या, अक्षरांवरून ते बोटे फिरवते आणि त्याच वेळी ‘क’चा उच्चार ऐकते, त्यामुळे अक्षराचे वळण, त्याचा ध्वनी आणि हाताची हालचाल ही एकत्रच मनात बसतात. धातूच्या चौकटींतून आकृत्या गिरवताना आणि त्या रेघांनी भरताना पेन्सिल हातात येते ती यानंतर. एवढी तयारी झाली की कित्येक मुले चार-साडेचार वर्षांची असताना आपणहून लिहू लागतात. या पद्धतीच्या जनक मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये आपल्या पहिल्या वर्गात हेच पाहिले होते आणि त्याची नोंद करून ठेवली आहे.

ठोकळ्यांविषयीही असेच. गुलाबी मनोरा या साधनातले १० घन १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत क्रमाने वाढत जातात. मूल ते एकेक करून उचलते तेव्हा लहान-मोठेपणा डोळ्यांइतकाच हाताला कळतो. पुढे सोनेरी मण्यांमध्ये एक मणी, दहाची कांडी, शंभरचा चौरस आणि हजाराचा घन हातात आल्यावर स्थानिक किंमत पाठ करावी लागत नाही.

शिस्तीच्या आक्षेपाला फार उत्तर देण्याची गरज नाही. वर्गात प्रत्येक साधन एकच असते, म्हणून दुसऱ्याचे होईपर्यंत थांबावे लागते, आणि काम संपल्यावर साधन जागेवर ठेवून चटई गुंडाळावी लागते. तीन वर्षांच्या मुलाला याहून अधिक शिस्त कोणती हवी?

‘परदेशी श्रीमंतांचे खूळ’ हे म्हणणे ठाणे जिल्ह्यात बसून कोणी पुढे पाठवावे याचे मला विशेष वाईट वाटते. पहिले बालगृह, म्हणजे पहिला मॉन्टेसरी वर्ग, १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी निघाले. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत इथल्या मातीत रुजवली, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला, आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले, जे अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाडला गेले. शिंपले, बिया, पाने ही तिथली साधने होती आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिथले विद्यार्थी होते. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावे ठाणे जिल्ह्यातच होती.

आता मागे पडण्याविषयी. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नेच बंदी आहे, तेव्हा ज्या परीक्षेची भीती घातली जाते ती घेणारी शाळाच कायदा मोडत असते. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांचा ‘सायन्स’ नियतकालिकात २००६ साली आलेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात मॉन्टेसरी शाळेचे प्रवेश सोडतीने होत असत. सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली मुले त्यांनी ताडून पाहिली. प्रवेश घेऊ इच्छिणारे पालक दोन्हीकडे सारखेच असल्याने ‘घरच्यांमुळे मुले पुढे गेली’ असे सहज म्हणता येत नाही. पाच वर्षांच्या वयात मॉन्टेसरीची मुले अक्षर-शब्द ओळखणे, गणित आणि इतरांशी वागणे यांत सरस ठरली. बाराव्या वर्षी हा फरक कमी होता आणि मुलांची संख्याही मोठी नव्हती, हे मान्य. पण मागे पडण्याचा पुरावा त्यात नाही.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘मॉन्टेसरी’ हे नाव कोणीही फलकावर लावू शकते, आणि आपल्याकडे त्या नावाखाली बाके, गृहपाठाच्या वह्या आणि घोकंपट्टी चालणारे वर्ग आहेत. शिवाय खऱ्या वर्गातून मूल मधेच काढून ज्युनियर केजीत घातले, तर ते काही महिने गोंधळते, कारण त्याला अक्षरांचे ध्वनी येतात पण फळ्यावरचे पाहून भराभर उतरवण्याची सवय नसते. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा अशीच मुले पाहिली असावीत.

म्हणूनच भाचीला मी कळवले आहे की वर्गात तासभर शांत बसून पाहावे: साधने मुलाच्या हाताला लागतील अशी उघड्या मांडणीवर आहेत का, तीन ते सहा वयाची मुले एकत्र आहेत का, काम मधे न तोडता सलग चालते का. तसे असेल तर तिसरे वर्ष पूर्ण होऊ द्यावे, कारण दोन वर्षे हाताने केलेल्या तयारीतून वाचन, लेखन आणि हिशेब प्रत्यक्ष दिसू लागतात ते याच वर्षी, आणि धाकट्यांना दाखवता दाखवता मुलाचे स्वतःचे शिकणेही पक्के होते. तोवर घरी त्याला मटार सोलू द्यावेत, शर्टाची बटणे स्वतः लावू द्यावीत आणि रोज गोष्ट वाचून दाखवावी. दुरेघी वही आणायची घाई नाही.