पाच लाखांचं भांडण आणि आमच्या लीगमधला एजंट

रोहितला हार्दिकपेक्षा पाच लाख कमी का, हा वाद आमच्या लालबागच्या मंडळींनी अजून सोडलेला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मुंबई इंडियन्सने रिटेन्शनची, म्हणजे ऑक्शनच्या आधी कुणाला ठेवून घेतलं त्याची यादी दिली, बुमरा १८ कोटी, सूर्या आणि हार्दिक १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८, बेरीज बरोब्बर ७५, आणि त्या दिवशी आमच्यातल्या एकाचं जे डोकं सटकलं ते आजतागायत ठिकाणावर आलेलं नाही. वर्ल्ड कप जिंकून चारच महिने झाले आणि त्या माणसाला पाच लाखांनी खाली बसवता? रोहित स्वतः म्हणाला की मी इंटरनॅशनल टी-ट्वेंटीतून रिटायर झालोय, ही जागा माझ्यासाठी बरोबरच आहे, पण ऐकतंय कोण. अपमान म्हणजे अपमान.

मी बसलोय मिसिसागात, टोरोंटोच्या शेजारी, आणि खरं सांगू का, त्या पाच लाखांचं मला काहीच वाटत नाही. मला भलतंच काहीतरी खटकतं आणि ते खटकायला लागलं एका टाइमपासमुळे. इथे आम्ही बारा जण मिळून फँटसी हॉकी खेळतो (बर्फावरची, आपल्या चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवरची नव्हे). घरी फँटसी म्हटलं की एका मॅचपुरती टीम लावायची आणि रात्री विसरून जायचं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आल्यावर ड्रीम इलेव्हनने पैशाचे कॉन्टेस्ट बंद केले तेव्हा तेही संपलं. आमचं तसं नाही, आमची टीम वर्षानुवर्षं चालते, प्लेयरला खोटा का होईना पगार असतो, टीमला सॅलरी कॅप असते, म्हणजे सगळ्यांचे पगार मिळून एका आकड्याच्या वर जाऊ शकत नाहीत, ऑक्शनमध्ये घेतलेला प्लेयर जास्तीत जास्त तीन सीझन आणि त्यानंतर ठेवायचा असेल तर काँट्रॅक्ट वाढवून घ्यायचं. पैसे कुणाचेच नाहीत, हरणारा शेवटी सगळ्यांना जेवण घालतो एवढंच.

आता गंमत इथे आहे. काँट्रॅक्ट वाढवायचं तर बोलणी करायची कुणाशी, प्लेयरला तर आपण माहीतच नाही. तर आमच्याकडे चिठ्ठी टाकून दुसऱ्या एका मेंबरला त्या प्लेयरचा एजंट करतात. तो आपला आकडा आधीच पाकिटात बंद करून कमिशनरकडे देतो, तुम्हाला तीन ऑफर मिळतात, तिसरी पण कमी पडली तर प्लेयर खुल्या ऑक्शनला. आणि तिथे एजंटला बोली लावायला बंदी, म्हणजे मुद्दाम आकडा फुगवून त्याचा फायदा काहीच नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात माझ्याकडे सॅन होजेच्या टीमचा मॅकलिन सेलेब्रिनी होता, २०२४ च्या ड्राफ्टमधला (टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात ना, त्यातला) पहिला नंबर, पहिल्याच सीझनला ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट, गोल आणि गोलला केलेली मदत मिळून. माझ्याकडे स्वस्तात पडलेला आणि शेवटचं वर्ष चालू. चिठ्ठीत एजंट निघाला आमच्यातला एक प्लंबर, दिवसभर लोकांच्या बेसमेंटमध्ये पाइप बदलतो आणि रात्री मला मेसेज टाकतो. पहिलाच मेसेज, काप्रिझोव बघितलास का? सप्टेंबरअखेर मिनेसोटाने किरिल काप्रिझोवला आठ वर्षांचे १३६ मिलियन डॉलर दिले होते, वर्षाला १७, एनएचएलमध्ये (इथली बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग) एवढा मोठा करार आधी कुणाला मिळालेला नाही. मी म्हटलं मेलो. पण आठवड्याभरात कॉनर मॅकडेव्हिडने एडमंटनबरोबर सही केली, फक्त १२.५ मिलियनवर! जगातला सगळ्यात भारी प्लेयर १२.५ घेतो तर तुझा पोरगा कोण लागून गेला, असं मी लगेच ठोकून दिलं आणि खूश होऊन झोपलो.

सकाळी त्याचं उत्तर आलेलं. मॅकडेव्हिडने दोनच वर्षांची सही का केली ते बघ म्हणाला. यंदा कॅप ९५.५ मिलियन, पुढच्या वर्षी १०४, त्याच्या पुढच्या वर्षी ११३.५ चा अंदाज आहे, म्हणजे हा माणूस दोन वर्षांनी परत टेबलावर बसणार आणि तोवर टीमच्या हातात चांगला सपोर्ट घ्यायला पैसे पण सोडतोय. तो स्वस्तात गेलेला नाही, त्याने वर्षं कमी विकलीत. तुला पाच वर्षं हवीत ना, मग पाच वर्षांचा भाव दे. आता यावर काय बोलणार. शेवटी तीन वर्षांवर तोड निघाली, आकडा सांगत नाही कारण लीगमधल्या दोघांना मराठी वाचता येतं.

तर हे सगळं करताना माझ्या लक्षात आलं की ज्या प्लेयरला आमच्या लीगचा पत्ताच नाही त्याच्या बाजूने बोलायलाही आम्ही एक माणूस बसवलाय. आणि जेद्दाच्या आयपीएल ऑक्शनमध्ये काय झालं? पंतवर बोली २०.७५ कोटीला थांबली, दिल्लीने राइट टू मॅच काढलं (जुन्या टीमला तेवढीच बोली देऊन प्लेयर परत घ्यायचा हक्क), लखनौने आकडा २७ वर नेला, दिल्लीने सोडलं, विषय संपला. दोन टेबलं एकमेकांशी बोलली. पंतला त्या वेळी कुठे जायचंय हे विचारायची पद्धतच नाही.

दोस्त म्हणतात, मग वाईट काय झालं, २७ कोटी मिळाले ना. श्रेयसचं उदाहरण देतात, आपला मुंबईचा पोरगा, कोलकात्याला ट्रॉफी जिंकून दिली, रिटेन झाला नाही आणि ऑक्शनमधून पंजाबने २६.७५ ला उचलला. मान्य. आणि रिटेन्शनला दोघांची हो लागते, तेव्हा तिथे थोडीफार बोलणी होतात हेही मान्य. पण त्याच ऑक्शनमध्ये स्टार्क आदल्या खेपेच्या २४.७५ वरून ११.७५ वर आला, एका वर्षात बॉलिंग अर्धी झाली होती का त्याची? समोर किती जणांच्या खिशात किती उरलेत त्यावर ते ठरतं.

इथे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. एनएचएलमध्ये पोरगा ड्राफ्ट होतो म्हणजे कुठल्या शहरात जायचं हे त्याला विचारत नाहीत, सुरुवातीचा पगार बांधलेला, आणि खरं मोकळं व्हायला साधारण सत्ताविशी गाठावी लागते. निष्ठेचं नाटक तर इथेही तेवढंच. मिच मार्नर इथल्याच मार्खमचा, २०२५ च्या उन्हाळ्यात टोरोंटो सोडून वेगासला गेला, आठ वर्षं, वर्षाला १२ मिलियन, आणि लोकांनी त्याला जे काय म्हटलंय ते ऐकून मला यशस्वी जैस्वालच आठवला. त्याने मुंबई सोडून गोव्याला जायला एनओसी मागितली तेव्हा आझाद मैदानावरचे तंबू, पाणीपुरी, सगळं काढून झालं त्याचं, मुंबईने काय नाही दिलं तुला. नंतर त्याने अर्ज मागे घेतला आणि सगळे परत गोड. करार संपला की माणूस दुसरीकडे बघणार, यात कृतघ्नपणा कुठून आला?

आणि हे बोलतंय कोण, तर लालबाग! ज्यांच्या घरात बोनस, महागाई भत्ता, बदली कामगार हे शब्द जेवताना कानावर पडायचे ते लोक. माझे मामा गिरणीत होते, त्यांना वाटाघाटी म्हणजे काय हे शिकवावं लागलं नव्हतं. पण प्लेयरचा विषय निघाला की तेच मामा म्हणतात, देवाने दिलंय, गप खेळावं. एकदा मी जरा जोरात बोललो तर म्हणाले, ब्याऐंशीच्या संपाने काय मिळालं ते बघितलंस ना. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इथेसुद्धा २००४-०५ ला मालकांनी टाळं लावलं, अख्खा सीझन बुडाला आणि प्लेयर परत आले ते सॅलरी कॅप मान्य करूनच.

पण त्या मारामारीत प्लेयरची संघटना टिकली, १९६७ पासूनची आहे, आणि आज लीगची कमाई मालक आणि प्लेयर निम्मी-निम्मी वाटून घेतात. हे करारात लिहिलेलं आहे. आता आपला हिशोब करा. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे मीडिया राइट्स ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,७०० कोटी. २०२५ ला दहा टीमची पर्स, म्हणजे प्लेयरवर खर्चायची रक्कम, प्रत्येकी १२० कोटी होती, वर मॅच फीचे टीममागे १२.६० कोटी धरा, झाले १,३२६. चौदा टक्केही होत नाहीत, आणि यात तिकिटं, स्पॉन्सर काहीच धरलेलं नाही. बोर्डाच्या पैशातून रणजी चालते, बाकीचं डोमेस्टिक चालतं, हे मी विसरलेलो नाही, आयपीएल दोन महिन्यांची आहे हेही खरं. तरीसुद्धा निम्मे आणि चौदा यातलं अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. आणि ते मागायला कोण जाणार, भारतात खेळणाऱ्या क्रिकेटर्सची संघटनाच नाही, २०१९ ला जी झाली ती रिटायर झालेल्यांची.

म्हणून मी दोस्तांना म्हणतो, पाच लाख सोडा रे. टीमने पर्समधून कापायचे रिटेन्शनचे १८, १४, ११ कोटी हे आकडे ठरवताना त्या खोलीत एक तरी खेळणारा माणूस होता का, पुढच्या मेगा ऑक्शनच्या आधी हे विचारा. तर त्यावर त्या डोकं सटकलेल्याचं उत्तर आलं की ते सगळं ठीक आहे, पण हार्दिकला जास्त का?